नऊ की चौदा? स्ट्रोकची तपासणी ऑनलाइन शिकताना

एकच पेशंट, एकच खाट, मधे जेमतेम वीस मिनिटं. स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका, किती मोठा ते मोजायच्या माझ्या कागदावर नऊ गुण, आमच्या ब्रदरच्या, म्हणजे पुरुष नर्सच्या, कागदावर चौदा. कागल बाजूच्या साठीच्या बाई होत्या; उजवा हात-पाय गळालेला, बोलणं अडलेलं. फोनवरच्या न्यूरोलॉजिस्टनी शांतपणे विचारलं, "सिस्टर, या वीस मिनिटांत पेशंट बिघडला, की तुमच्यापैकी कुणाचं तरी चुकलंय?"

पेशंट बिघडला नव्हता. चुकले होते मी. सतरा वर्षं कॅज्युअल्टीत काढलेली मी, आणि तीन वर्षांपूर्वी रुजू झालेला तो पोरगा. फरक इतकाच की त्यानं स्ट्रोक स्केलचं ऑनलाइन ट्रेनिंग केलं होतं आणि मी "रोजच तर बघतोय" म्हणून टाळलं होतं.

नंतर दोघांनी कागद शेजारी ठेवून पाच गुण कुठं सांडले ते शोधलं. महिना आणि वय मी विचारलं तेव्हा उशाशी उभ्या असलेल्या सुनेनं उत्तर दिलं, बाईंनी मान हलवली आणि मी शून्य टाकून पुढं गेले. ब्रदरनं सुनेला पडद्याबाहेर थांबवलं. बाईंना एकही उत्तर देता आलं नाही, दोन गुण. हात उचलून धरायला सांगून मी एक ते दहा धावत मोजलं, हात खाली आला पण गादीला टेकला नाही, म्हणून एक दिला. त्यानं खरे दहा सेकंद मोजले, हात टेकला, दोन. चेहरा मी नुसताच बघितला, त्यानं दात दाखवायला लावले. तिथं एक गुण. बाई प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणत होत्या म्हणून भाषेचा मी एकच दिला. त्यानं चित्रं दाखवली, एकाचंही नाव आलं नाही. दोनावर एक, एक, एक. पाच पुरे झाले.

त्याच आठवड्यात मी ट्रेनिंगला नाव घातलं. त्यानंतर आमच्या कॅज्युअल्टीतल्या बऱ्याच जणांना त्यातून नेलं. नर्सेस, आरएमओ (निवासी डॉक्टर), फिजिओथेरपिस्ट, १०८ ॲम्ब्युलन्सवरचे डॉक्टर, तालुक्याच्या दवाखान्यातले मेडिकल ऑफिसर, ज्यांच्यापुढं असा पेशंट सगळ्यात आधी येतो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नेमकं शिकायचं काय

एन.आय.एच.एस.एस. म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थची स्ट्रोक मोजपट्टी. १९८९ साली ती मांडली गेली. १९९५ मध्ये अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात हीच पट्टी वापरली होती; तिथून ती जगभर गेली. अकरा मुद्दे, शून्य ते बेचाळीस गुण. गुण जितके जास्त तितकं नुकसान जास्त. साधारणपणे १ ते ४ सौम्य, ५ ते १५ मध्यम, १६ ते २० मध्यम ते तीव्र, २१ पासून पुढं तीव्र असं धरतात. हात बसला की सगळी तपासणी दहा मिनिटांच्या आत होते.

ही पट्टी स्ट्रोक आहे की नाही ते सांगत नाही. असलेलं नुकसान किती, एवढंच सांगते. साखर ४० वर आलेला पेशंटही एका बाजूनं लुळा दिसू शकतो. म्हणून ग्लुकोमीटर आधी, कागद नंतर. आणि स्कोअर पुरा व्हायचाय म्हणून सीटी स्कॅनची ट्रॉली थांबवायची नाही. उरलेले मुद्दे लिफ्टची वाट बघताना होतात, आम्ही करतो.

पहिली पायरी : घड्याळ

बहुतेक कोर्स स्केलच्या आधी वेळेचा धडा देतात आणि बहुतेक शिकणारे तो पळवतात. पळवू नका. अल्टेप्लेजसारखं औषध देण्याची मुदत साडेचार तास. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेनं काढायची प्रक्रिया सहा तासांपर्यंत, आणि २०१८ च्या दोन अभ्यासांनंतर निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत. ही मुदत मोजायची ती पेशंट पडलेला सापडला तेव्हापासून नाही, तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून.

कोर्समधल्या व्हिडिओत नातेवाईक घड्याळ बघून वेळ सांगतात. आपल्याकडं सांगतात, "सकाळच्या पारी वारं गेलं," म्हणजे लकवा मारला. मग सकाळची पार फोडून घ्यावी लागते. गावाकडचा दिवस ज्या खुंट्यांना बांधलेला असतो त्या धरायच्या: धारेला उठले होते का? स्वतः धार काढली का? डेअरीला दूध कुणी घातलं? पहिली एसटी गेली तेव्हा बोलत होते का? कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा? रात्रीची मालिका संपली तेव्हा जेवत होते का?

एक उदाहरण. मुलगा सांगतो, "साडेपाचला परड्यात पडलेले दिसले." सगळे साडेपाच लिहून मोकळे होतात. मी विचारलं, त्याआधी कुणी बघितलं? मागून आजी म्हणाल्या, "चारला लघवीला उठलं हुतं, माझ्याशी बोललं की." म्हणजे घड्याळ चारला सुरू झालं. आमच्या दारात आले तेव्हा सव्वासात वाजले होते. मुदत साडेआठला संपते, दहाला नाही. पंचाहत्तर मिनिटं हातात. आणि उलट, आजी काही बोलल्याच नसत्या तर घड्याळ रात्री झोपायला गेले त्या वेळेपर्यंत मागं गेलं असतं.

दुसरी पायरी : कोर्स निवडा आणि बैठक लावा

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिच्या स्ट्रोक विभागाचा या स्केलचा ऑनलाइन कोर्स आहे. वर्ल्ड स्ट्रोक ऑर्गनायझेशनची वर्ल्ड स्ट्रोक अकॅडमी आहे, तिथं स्केलच्या पलीकडचंही बरंच सापडतं. एंजल्स इनिशिएटिव्ह ही २०१६ पासून चाललेली मोहीम भारतातही आहे. तिच्यामागं बोहरिंगर इंगेलहाइम ही कंपनी आहे आणि गुठळीची औषधं हीच कंपनी बनवते. म्हणून शिकू नये असं नाही, मी स्वतः तिथून शिकले. पैसा कुठून येतो ते माहीत असावं इतकंच. कुठल्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी आपल्या संस्थेला कुठलं सर्टिफिकेट चालतं ते विचारा. नुसती पट्टी आणि तिच्या सूचना मोफत मिळतात. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

नाव नोंदवताना कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर जसं आहे तसंच घाला. आमच्या एका सिस्टरनं माहेरचं नाव घातलं, पुढं ॲक्रेडिटेशनच्या तपासणीत ते सर्टिफिकेट कुणाचं हे पटवून देण्यात अर्धा दिवस गेला. ईमेल स्वतःचा द्या, वॉर्डचा नको. नोकरी बदलली की वॉर्डचा ईमेल मागं राहतो.

व्हिडिओ मोबाईलवर बघू नका. तोंडाची किंचित झुकलेली बाजू, डोळ्याची अर्धवट राहिलेली हालचाल पाच इंची पडद्यावर दिसत नाही. हॉस्पिटलच्या लायब्ररीतला कॉम्प्युटर, नाहीतर मुलांचा लॅपटॉप. कानात हेडफोन हवाच, कारण शब्द घसरतोय की नाही हे ऐकूनच ठरवायचं असतं. सबटायटल सुरू ठेवा; कोर्समधले पेशंट इंग्रजी बोलतात आणि त्यांच्या उच्चाराला आपला कान सरावलेला नसतो. नाइट करून आल्यावर बसू नका. मी बसले होते. तिसऱ्या पेशंटला डोळा लागला.

एकट्यानं करण्यापेक्षा जोडीनं करा. शक्यतो एक नर्स आणि एक डॉक्टर. पहिल्या बैठकीत ट्रेनिंगचा व्हिडिओ गुण न देता सलग बघायचा. दुसऱ्या बैठकीत गुणांच्या व्याख्यांचा छापील कागद पुढं घेऊन एकेका मुद्द्याला थांबायचं आणि तो मुद्दा एकमेकांवर करून बघायचा. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं तपासायचं. आमच्या वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) इतका हुबेहूब पेशंट करतात की एकदा नव्या इंटर्नने बीपीचं मशीन आणलं.

तिसरी पायरी : चार नियम, जे मोडायला हात शिवशिवतो

पेशंटनं जे केलं त्याला गुण द्यायचे, जे त्याला "येत असेल" त्याला नाही. पहिलं उत्तर तेच खरं. मुद्दे क्रमानं घ्यायचे आणि मागं जाऊन गुण खोडायचे नाहीत. आणि शिकवायचं नाही, सुचवायचं नाही.

शेवटचा नियम आपल्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. आपण पेशंटला "हां, असं, अजून वर, शाब्बास" म्हणत आयुष्य काढलेली माणसं. त्यात नातेवाईक: "आण्णा, उचला की हात! काल तर उचलत हुता!" त्यांना दटावून उपयोग नसतो. मी आधीच सांगते, "दादा, ही परीक्षा आण्णांची आहे, तुम्ही कॉपी पुरवायची नाही." हसतात आणि गप्प राहतात. तरीही कुणी बोललंच तर त्यांना केसपेपर करायला पाठवा.

चौथी पायरी : मुद्दे मराठीत बसवणं

व्हिडिओ हे शिकवणार नाही, आणि आपलं खरं काम इथंच आहे.

शुद्धीचा पहिला मुद्दा सोपा आहे. दुसऱ्यात चालू महिना आणि वय विचारायचं. नियम स्पष्ट: उत्तर बरोबर हवं, जवळपासला गुण नाही. चंदगडच्या एका आजींना वय विचारलं तर म्हणाल्या, "कोयनेचा भूकंप झाला तवा माझं लगीन झालं हुतं." कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा. आजींचं डोकं शाबूत आहे हे मला कळलं, पण कागदावर काय लिहू? आधारकार्डावर एक जून, शाळामास्तरांनी मनानं घातलेली तारीख. आम्ही न्यूरोलॉजिस्टना विचारून ठरवलं ते असं: आत येतानाच नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारायचं, "आजी एरवी वय किती सांगतात?" ते एरवी जे सांगतात तेच सांगितलं तर बरोबर. एरवीही सांगता येत नसेल तर नियमानं गुण द्यायचा आणि शेजारी तसं लिहायचं.

महिन्याचंही तसंच. विचारलं की उत्तर येतं "श्रावण". पंचांगाप्रमाणं श्रावण चालू असेल तर आम्ही बरोबर धरतो आणि केसपेपरवर "श्रावण सांगितलं" असं शब्दशः लिहितो. तुमच्या टीमनं काय धरायचं हे तुमच्या फिजिशियननं एकदाच ठरवावं आणि मग प्रत्येक पाळीत तेच चालावं. सकाळच्या पाळीला श्रावण बरोबर आणि रात्रपाळीला चूक असं झालं की परत नऊ आणि चौदा.

सूचनांचा मुद्दा: डोळे मिटा, उघडा, चांगल्या हाताची मूठ आवळा, सोडा. इथं मात्र हातानं करून दाखवायला परवानगी आहे. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ही मोठी सोय.

डोळ्यांची हालचाल फक्त आडवी बघायची. नजरेचं क्षेत्र चारही कोपऱ्यांत बोटं दाखवून. बोलता येत नसेल तर बाजूनं हात झटकन डोळ्याजवळ नेऊन पापणी मिटते का ते बघायचं. हात नेताना वारा डोळ्याला लागू देऊ नका, नाहीतर पापणी वाऱ्यानं मिटते आणि तुम्हाला वाटतं दिसलं.

चेहऱ्यासाठी दात दाखवा, भुवया उंच करा, डोळे घट्ट मिटा. मिश्री लावणाऱ्या बायका दात दाखवायला लाजतात, ओठ दाबून हसतात आणि दोन्ही बाजू सारख्या वाटतात. मी स्वतः दात विचकून दाखवते, मग त्या दाखवतात. कवळी असेल तर बसवून बघा.

हाताला दहा सेकंद, पायाला पाच. हात तळवा खाली करून पुढं; बसलेला असेल तर नव्वद अंशांत, झोपलेला असेल तर पंचेचाळीस. पाय नेहमी झोपवूनच, तीस अंशांत. चांगल्या बाजूनं सुरू करा. खाली आला पण टेकला नाही तर एक. जोर लावूनही टेकला तर दोन. उचलताच येत नाही, नुसता पडतो तर तीन. हालचालच नाही तर चार. सेकंद मोठ्यानं मोजा आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याबरोबर मोजा. मनातले दहा सेकंद कॅज्युअल्टीच्या गर्दीत चार सेकंदांत संपतात. मी स्वतःवर मोबाईल लावून तपासलं आहे. खांदा आखडलेला आहे म्हणून मुद्दा सोडता येत नाही. सोडायची मुभा अवयव कापलेला असेल किंवा सांधा पूर्ण जुळून गेला असेल तेव्हाच, आणि मग कारण लिहायचं.

आता ॲटॅक्सिया, म्हणजे हालचालीतला तोल. आमच्याकडं सगळ्यात जास्त चुका या मुद्द्यावर झाल्या. बोट नाकाला, टाच नडगीवरून. दोन्ही बाजू, डोळे उघडे. अशक्तपणाच्या मानानं तोल जास्त बिघडला असेल तरच गुण. ज्याचा हात पूर्ण लुळा आहे किंवा ज्याला सूचनाच कळत नाही त्याला शून्य. नवीन माणसाला हे पटत नाही: "मॅडम, हात हलतच नाही आणि शून्य?" हो, शून्य. हलत नसल्याचे गुण हाताच्या मुद्द्यात आधीच दिलेत, एकाच गोष्टीची दोनदा वसुली नाही.

संवेदनेला टाचणी टोचून दोन्ही बाजूंचा फरक विचारायचा. पूर्ण गेलेली आहे हे स्पष्ट दाखवता आलं तरच दोन. बेशुद्ध कोमातल्या पेशंटला मात्र दोन ठरलेलेच.

भाषेचा मुद्दा सगळ्यात अवघड. मूळ संचात एक स्वयंपाकघराचं चित्र आहे: बेसिन भरून वाहतंय, स्टुलावर चढलेला मुलगा बिस्किटाच्या बरणीकडं हात नेताना घसरतोय. दुसऱ्या कागदावर हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस आणि दोन झाडांना बांधलेली झोपायची जाळी. शेवटच्या चित्राला आमचे पेशंट झोळी म्हणतात, झोपाळा म्हणतात. एका म्हाताऱ्यांनी "मासं धरायचं जाळं" म्हटलं. झोळी बरोबरच आहे. गावात ज्या वस्तूला जे म्हणतात ते बरोबर. जाळ्याबद्दल आमची चर्चा झाली, आणि ब्रदर म्हणाला ते मला पटलं: चित्रात जे दिसलं त्याला सरळ शब्द मिळाला, शब्द अडला नाही. आपण शब्द सापडतोय की नाही ते बघतोय, सामान्यज्ञान नाही.

वाचायचं वाक्य मराठीत हवं, आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्याकडून ऐकून म्हणून घ्यायचं. हिंदीतली तपासून घेतलेली आवृत्ती प्रसिद्ध झालेली आहे. हिंदी जमणाऱ्या पेशंटला ती चालते. उच्चाराच्या मुद्द्यासाठी मूळ यादीतलं "हकलबेरी" इथल्या धडधाकट माणसालाही म्हणता येत नाही, तेव्हा त्यावरून गुण कापणं हा अन्याय आहे. ओठ, जीभ, टाळू तिन्हींना काम पडेल असे मराठी शब्द न्यूरोलॉजिस्टच्या संमतीनं ठरवा, जाड अक्षरात छापा, लॅमिनेट करून ट्रॉलीला बांधा. बांधा हे मुद्दाम सांगते. आमचे पहिले दोन कागद वार्डात कुणीतरी औषधं झाकायला वापरले.

शेवटचा दुर्लक्षाचा मुद्दा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी स्पर्श केला की पेशंट एकच बाजू सांगतो का? डावा हात स्वतःचा आहे हेच नाकारतो का? उजव्या मेंदूच्या झटक्यात हे सापडतं. पेशंट छान बोलत असतो म्हणून नातेवाईक बिनधास्त असतात आणि आपणही फसतो.

पाचवी पायरी : परीक्षा

सर्टिफिकेटसाठी चित्रफितीतले पेशंट गटागटानं येतात: ए, बी, सी, प्रत्येकात सहा. पहिल्यांदा ए. प्रत्येक पेशंट एकदा सलग बघा, मग मुद्द्यानुसार थांबवत गुण आधी कागदावर लिहा, शेवटी पडद्यावर भरा. नापास झालात तर कुठल्या मुद्द्यावर ते शोधा आणि तेवढा भाग परत बघून बसा. मी पहिल्या वेळी नापास झाले, ॲटॅक्सियामुळंच.

उत्तरांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतात. एका ठिकाणी अख्ख्या बॅचनं एका दुपारी सर्टिफिकेट मिळवलं, सगळ्यांच्या चुका एकाच पेशंटच्या एकाच मुद्द्यावर. कारण स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याचीच तिथं चूक होती. इन्स्पेक्शनला कागद चालेल, पहाटे अडीचला पेशंटपुढं तो कागद काय करणार?

सहावी पायरी : खाटेपाशी

सर्टिफिकेट मिळालं की लगेच एकट्यानं स्कोअर द्यायचा नाही, असा आमचा नियम. पहिले दहा पेशंट जोडीनं: दोघं एकाच वेळी उभे, एकानं तपासायचं, दोघांनी स्वतंत्र कागदावर लिहायचं, बोलायचं नाही. मग कागद उघडायचे. दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल तर कुठल्या मुद्द्यावर ते वहीत लिहायचं. ती वही आमच्याकडं औषधांच्या कपाटात असते. महिन्याच्या शेवटी वही चाळली की कुठला व्हिडिओ परत लावायचा ते कळतं.

स्केलला न दिसणारं काय ते इथंच कळतं. मेंदूच्या मागच्या भागातला झटका असेल तर गरगरतं, उलट्या होतात, चालताना माणूस भिंत धरतो, पण खाटेवर झोपवून तपासला तर स्कोअर शून्य येऊ शकतो. म्हणून चक्कर आलेल्या पेशंटला धरून बसवून बघा, जमेल तर दोन पावलं चालवून बघा. आणि लहान आकड्यानं दिलासा देऊ नका. चप्पल शिवणाऱ्या एका कारागिराचा स्कोअर दोन होता. उजव्या हाताची पकड गेलेली. त्यांचं पोट त्या दोन गुणांवर होतं. फोनवर नुसतं "दोन" न सांगता "दोन, पण आरी धरता येत नाही" असं सांगितलं म्हणून पुढचा विचार झाला.

सातवी पायरी : फोन

गडहिंग्लज, आजरा, गगनबावड्याहून पेशंट निघतो तेव्हा मोठ्या रुग्णालयाला पहिला फोन जातो. बहुतेक फोन असे असतात: "पॅरालिसिसचा पेशंट पाठवतोय, सिरियस आहे." यातून पलीकडच्याला काहीही तयारी करता येत नाही. आम्ही फोनचा साचा भिंतीवर लावलाय. तो असा वाचायचा:

"पुरुष, ६२ वर्षं. शेवटचे बरे दिसले पहाटे ४ ला. आता ७:२५. साखर १४२, बीपी १७६/९८. स्कोअर १२: डावा हात ३, डावा पाय २, चेहरा २, नजर १, संवेदना १, उच्चार १, दुर्लक्ष २. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू नाहीत. सीटीला निघालोय."

अर्ध्या मिनिटात होतं. एकूण आकड्याबरोबर तुकडे सांगायचेच. बारा कुठून आले ते कळलं की पलीकडच्या डॉक्टरांना कुठली रक्तवाहिनी असावी याचा अंदाज बांधता येतो. बीपीही सांगायचंच, कारण गुठळीचं औषध द्यायचं तर ते १८५/११० च्या खाली हवं असतं. बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली गोळी फोडायची जुनी सवय मात्र सोडा. काय द्यायचं ते फोनवर विचारून.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी हायवे बंद पडला तेव्हा पेशंट वेळेत हलवणं ज्यांच्या हाती नव्हतं, त्यांच्याजवळ फोनच होता. त्या दिवसांत तासातासानं सांगितलेला "बारा, बारा, पंधरा" हा आकडा ऐकूनच पलीकडून निर्णय व्हायचे. पण बारा सांगणारा आणि पंधरा सांगणारा एकाच मापानं मोजत असेल तरच पेशंट बिघडला असं म्हणता येतं. हॅन्डओव्हरला म्हणूनच आम्ही जुनी आणि नवी पाळी मिळून एकदा स्कोअर घेतो, खाटेपाशी, दोघांच्या सह्यांनी.

मुदत संपण्याआधी

सर्टिफिकेट कायमचं नसतं. काही संस्था दरवर्षी परत मागतात, काही दोन वर्षांनी. ड्युटी लिस्टच्या शेजारी प्रत्येकाच्या नावापुढं पुढची तारीख लिहून ठेवा. आम्ही सगळ्यांची फेरपरीक्षा २९ ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक स्ट्रोक दिनाच्या आधीच्या पंधरवड्यात ओढून घेतली. त्या दिवशी फलक लावून रॅली काढण्यापेक्षा हे बरं. दुसऱ्या वेळी बी गट घ्या, ए पाठ झालेला असतो.

ब्रदर आणि मी अजून जोडीनं कागद भरतो, वेळ मिळेल तसा. गेल्या महिन्यात एका गृहस्थांना मी अकरा दिले, त्यानं बारा. चेहऱ्यावरून अडलं: मी म्हणत होते एक, तो म्हणत होता दोन. शेवटी परत खाटेपाशी गेलो, "काका, दात दाखवा" म्हटलं. काकांनी उशाखालून कवळी काढून आमच्यापुढं धरली.